हेन्री तोइवोनेन आणि चार नंबरची गाडी

आमच्या होस्टेलवर रेसिंग म्हटलं की फॉर्म्युला वन, त्यापलीकडे कुणाची गाडी जात नाही. रॅली म्हणजे धूळ उडवत जाणाऱ्या गाड्या, एवढंच चित्र डोक्यात असतं. पण मित्रांनो, जागतिक रॅली चॅम्पियनशिपमध्ये एक फेरी अशी होती की जिथे सगळा खेळ डांबरी रस्त्यावर. भूमध्य समुद्रातलं फ्रान्सचं कॉर्सिका बेट आणि तिथली तूर द कॉर्स. अख्खं बेट म्हणजे एक लांबच लांब घाट. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. म्हणून तिला दहा हजार वळणांची रॅली म्हणतात. ही रॅली 1956 साली सुरू झाली. त्याच वर्षी 25 ऑगस्टला फिनलंडमधल्या युवास्कुला गावी हेन्री तोइवोनेन जन्मला.

वडील पाउली तोइवोनेन स्वतः मोठे रॅली ड्रायव्हर. 1966 ची मॉन्टे कार्लो रॅली त्यांच्या नावावर आहे, पण ती कशी मिळाली ते ऐका. पुढे असलेल्या तीन मिनी आणि एक फोर्ड अशा चार गाड्या हेडलाइटच्या नियमावरून बाद केल्या आणि पाचवे पाउली पहिले झाले. असलं यश कुणाला गोड लागणार? पाउलींना ते कधीच मानवलं नाही. हेन्री तेव्हा नऊ वर्षांचा होता.

पोरगा आधी गो-कार्ट आणि सर्किट रेसिंगकडे वळला होता. घरच्यांना सर्किट धोक्याचं वाटलं, म्हणून तो रॅलीत आला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. असो. 1980 साली ब्रिटनची आर.ए.सी. रॅली त्याने टॅलबट सनबीम लोटसमधून जिंकली, वय 24. जागतिक रॅली जिंकणारा सगळ्यात लहान ड्रायव्हर हा त्याचा विक्रम 2008 पर्यंत टिकला. मधली वर्षं ओपेल, पोर्श अशा गाड्यांत गेली. वेग प्रचंड, पण गाडी ठोकायचं प्रमाणही कमी नव्हतं. 1985 मध्ये इटलीतल्या एका रॅलीत त्याच्या मानेचे मणके मोडले आणि काही महिने घरी बसावं लागलं.

आता गाडीबद्दल, कारण मेकॅनिकलवाल्यांना यातच रस. तेव्हा ग्रुप बी नावाचे नियम होते. कंपनीने फक्त 200 गाड्या बनवल्या की झालं, बाकी जवळजवळ रान मोकळं. लॅन्सियाने डेल्टा एस फोर काढली. इंजिन 1759 सीसीचं. हा विचित्र आकडा का? टर्बो असेल तर सीसीला 1.4 ने गुणायचं, म्हणजे 2462. अडीच लिटरच्या आत बसलं की किमान वजन 890 किलो चालतं. शिवाय टर्बोला खालच्या आरपीएमला दम नसतो, म्हणून त्याच इंजिनावर सुपरचार्जरही बसवला. खाली सुपरचार्जर, वर टर्बो. साडेचारशेच्या आसपास हॉर्सपॉवर आणि वजन एवढं कमी! डिझाइन म्हणून मी याला सलाम करतो. पण वजन आटोपशीर ठेवायच्या नादात पेट्रोलच्या टाक्या कुठे गेल्या, तर सीटखाली.

1985 च्या शेवटी या गाडीची पहिलीच जागतिक रॅली, पुन्हा आर.ए.सी., आणि हेन्री जिंकला. जानेवारी 1986 मध्ये मॉन्टे कार्लो जिंकली, वडिलांनंतर बरोबर वीस वर्षांनी. तोइवोनेन हे नाव आता स्वच्छ झालं, असं पाउलींनी बोलून दाखवलं. (एश्तोरिलच्या ट्रॅकवर त्याने या गाडीतून फॉर्म्युला वनच्या तोडीचा लॅप मारला अशी एक गोष्ट फिरते. अधिकृत नोंद नाही, म्हणून मी ती सोडून देतो.)

मार्चमध्ये पोर्तुगालला एक फोर्ड गर्दीत घुसली आणि तीन प्रेक्षक गेले. मोठ्या टीमच्या ड्रायव्हरांनी रॅली सोडली, त्यात हेन्रीही होता. मग मे महिन्यात कॉर्सिका.

इथे एक वर्ष मागे जातो. 2 मे 1985. याच रॅलीत लॅन्सियाचाच अत्तिलिओ बेत्तेगा झाडावर आदळून गेला. गाडीचा नंबर चार. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर वाचला. चौकशा, चर्चा सगळं झालं, आणि पुढच्या वर्षी त्याच रस्त्यांवर आणखी ताकदीच्या गाड्या आणल्या गेल्या.

2 मे 1986. हेन्रीच्या गाडीचा नंबर चारच. अंगात ताप होता, औषधं चालू होती, आणि तरी तो एकामागून एक स्टेज जिंकत पहिला होता. या रस्त्यांना या गाड्या झेपत नाहीत अशी तक्रार तो त्या दिवसांत करत होता. मग थांबला का नाही? माझ्या मते पहिला असलेला ड्रायव्हर स्वतःहून थांबत नाही, थांबवायचं काम दुसऱ्यांचं असतं. कोर्ते ते ताव्हेर्ना ही अठरावी स्टेज. सातव्या किलोमीटरला एक डावं वळण, कठडा नाही. गाडी सरळ दरीत गेली, टाक्या फुटल्या आणि पेट घेतला. हेन्री आणि को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्तो दोघेही गेले. प्रत्यक्ष पाहणारं कुणी नव्हतं. गाडीचा फक्त नळ्यांचा काळा सांगाडा उरला, त्यामुळे नेमकं काय चुकलं ते आजपर्यंत ठरलेलं नाही. घरी बायको आणि दोन लहान मुलं होती.

लॅन्सियाने बाकीच्या गाड्या मागे घेतल्या. रॅली मात्र चालू राहिली आणि पेजोच्या ब्रुनो साबीने जिंकली. 1987 पासून ग्रुप बी बंद, हा निर्णय लगेच जाहीर झाला. जो निर्णय वर्षभरात झाला नाही तो आता झटक्यात झाला.

1988 मध्ये मिशेल मूतोंने (जागतिक रॅली जिंकलेली एकमेव बाई) त्याच्या आठवणीत रेस ऑफ चॅम्पियन्स सुरू केली. तिथे कुणाची स्वतःची गाडी नसते, सगळ्यांना आयोजकांच्याच गाड्या चालवाव्या लागतात. जिंकणाऱ्याला मिळणारा चषक हेन्री तोइवोनेनच्या नावाचा.