शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये

विहारात दानाची गोष्ट निघाली की पहिले नाव येते ते श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाचे. जमिनीवर सोन्याची नाणी अंथरून त्याने जेतवन विकत घेतले आणि ते संघाला दिले, ही कथा तुम्ही ऐकली असेल. त्यातली एक बाजू मात्र ऐकताना निसटून जाते. एवढे देऊनही तो उपासकच राहिला. संघ कसा चालावा हे ठरविणे त्याच्याकडे गेले नाही. हे ध्यानात ठेवून राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र वाचावे. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींजवळ आपल्यापैकी कित्येकांच्या घरी महाराजांचीही तसबीर असते. ती तेथे का आली, हे मुलांनी विचारले तर तुम्हाला सांगता आले पाहिजे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि २ एप्रिल १८९४ रोजी कारभार त्यांच्या हाती आला. राजवाड्यातल्या माणसाला जातीची झळ कशी लागणार, असे तुम्हाला वाटेल. पण १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. छत्रपती झाले तरी शूद्रच, हा त्याचा अर्थ होता. महाराजांच्या मनाला जे लागले ते तेथे लागले. म्हणजे त्यांच्या कार्याच्या मुळाशी स्वतःचा अपमानही होता, आणि हे सांगण्यात त्यांचा मुळीच कमीपणा नाही. ज्याला स्वतःला लागलेले असते, तोच दुसऱ्याची जखम ओळखतो.

२६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९०१ पासून वसतिगृहे निघाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, १९१८ मध्ये महार वतन गेले. हे झाले राजाचे हुकूम. गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात हॉटेल घालून दिले आणि भर रस्त्यात गाडी थांबवून तेथला चहा स्वतः घेतला, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. त्या एका कपाने जे केले ते नुसत्या देणगीने झाले नसते.

पण संस्थानाच्या हद्दीबाहेर हुकूम चालत नाही. त्यातच १९१७ ते १९१९ या काळात राजकीय सुधारणांची चर्चा सुरू झाली. कायदे मंडळात कोण बसणार, कोणाच्या मतांवर बसणार, हा प्रश्न होता. संस्थानिकाला ब्रिटिश मुलखातल्या राजकारणात उघडपणे उतरता येत नसे. मग महाराजांनी सत्यशोधक कार्यकर्त्यांना, ब्राह्मणेतर वर्तमानपत्रांना आणि परिषदांना पाठबळ दिले. विरोधक म्हणत, ही सारी चळवळ कोल्हापूरच्या खजिन्यावर नाचते. हा आरोप हसून सोडून देऊ नका. श्रीमंताच्या पैशावर चाललेली चळवळ ही कोणाची, हा प्रश्न खराच असतो, मग तो विचारणाऱ्याचा हेतू कसाही असो.

आता ते अडीच हजार रुपये. १९२० च्या आरंभी बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगार दरमहा ४५० रुपये, त्यातून लंडनच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी शिल्लक टाकायची होती. अस्पृश्यांचे स्वतःचे पत्र काढायचे तर भांडवल कोठून आणणार? महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. ‘केसरी’ने तर पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्याचे नाकारले होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचे होते, लेखणी बाबासाहेबांची होती. देणारा मराठा राजा होता, त्याची स्वतःची ब्राह्मणेतर चळवळ जोरात होती, तरी पत्राची दिशा बाबासाहेबांनीच ठरविली.

सगळीच मदत अशी नसते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेला पाठविले. ते उपकार आपण विसरणार नाही. पण त्या शिष्यवृत्तीला दहा वर्षे बडोद्यात नोकरी करण्याची अट होती, आणि ती पाळायला गेलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

२१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. महाराज आले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की पशुपक्षीही आपल्या जातीतलाच पुढारी करतात, तुम्ही परक्यांच्या मागे का जाता, तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे. विचार करा, हे कोण सांगत होते? ज्याच्या पैशावर लोक अवलंबून राहिले असते, तोच त्यांना स्वतःपासून मोकळे करीत होता. पुढे मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद महाराजांच्याच अध्यक्षतेखाली भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतरांनी निवडावेत, या मताचा तिने निषेध केला.

याच्या शेजारी १९३२ ची गोष्ट ठेवून पाहा. पुणे करारानंतर हरिजन सेवक संघ निघाला. अध्यक्ष धनिक उद्योगपती घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस ठक्कर बाप्पा. पैशाची वाण नव्हती. बाबासाहेब त्याच्या मंडळावर होते. अस्पृश्यांचे नागरी हक्क मिळविण्यासाठी गावोगाव झगडा करावा, असे त्यांनी लेखी कळविले. त्या पत्राला उत्तरही आले नाही, आणि ते बाहेर पडले. १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या संघाचा हिशेब मांडला आहे. ज्यांच्यासाठी पैसा गोळा झाला त्यांच्या हाती कारभार नव्हता, आणि दयेच्या जोरावर अस्पृश्यांची स्वतंत्र चळवळ मारण्याचा तो डाव होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. काही मुलांना त्या पैशातून शिक्षण मिळाले असेल, ते नाकारू नये. पण बिर्लांनी माणगावच्या महाराजांसारखे, तुमचा पुढारी तुम्हीच करा, असे म्हटले नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७. बाबासाहेब तेव्हा लंडनला होते. १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडला. ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले, तेव्हा पाठीशी कोणी महाराज नव्हते. निधी त्यांनी आपल्याच लोकांकडे मागितला. अंकातली बहुतेक पाने एकट्याने लिहून काढली. निधी पुरेसा जमला नाही, आणि १९२९ मध्ये तेही पत्र थांबले.