हळदोण्याचा ट्रम्पेटवाला

गोवा आपल्याला काही नवा नाही. परीक्षा संपली की कोल्हापूरच्या गाड्या आंबोली घाट उतरून थेट किनाऱ्यावर! पुढच्या वेळी जाल तेव्हा म्हापशाजवळच्या हळदोण्यात पाच मिनिटं थांबा. अँटोनियो झेवियर वाझ १९१६ मध्ये याच गावात जन्मला. नाव ऐकल्यासारखं वाटत नाही ना? पण त्याचा ट्रम्पेट तुमच्या आजी-आजोबांच्या कानात आजही असेल.

तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. चर्चच्या शाळेत पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. आईला वाटायचं, पोरानं मेकॅनिक व्हावं. पोराचा जीव मात्र ट्रम्पेटमध्ये. अमेरिकेतल्या लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डी ऐकून त्यानं त्यांची वाजवायची ढब उचलली. हातातला रुमाल आणि घोगरा आवाजसुद्धा! मुंबईत तो 'चिक चॉकलेट' झाला आणि लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

१९४० च्या दशकात त्यानं स्वतःचा बँड उभा केला. ताजशेजारचं ग्रीन्स हॉटेल, मग खुद्द ताज. बँडलीडर म्हणजे नुसता पुढं उभा राहणारा नव्हे. वादक निवडायचे, प्रत्येकाच्या हातात त्याचा कागद द्यायचा, कुणी कधी एकट्यानं वाजवायचं ते ठरवायचं आणि नाचणाऱ्यांना खुर्चीवर बसू द्यायचं नाही. हे सगळं रोज रात्री.

मग १९४९ मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांच्या रात्री थंडावल्या, वादकांच्या पोटावर पाय आला. हात दिला तो सिनेमानं. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांना जॅझचा नाद होता. चिक त्यांचे सहायक झाले. संगीतकार चाल बांधायचा. पण वीस-तीस वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं, ते कुणीतरी कागदावर उतरवायला हवं होतं. चर्चच्या शाळेतली ती विद्या इथं कामाला आली. भगवानदादांचा 'अलबेला' (१९५१) बघा. त्यातल्या गाण्यांचा ठेका ऐकून आजही पाय हलतात. चिक आणि त्यांचा बँड त्यात पडद्यावरही दिसतो.

आता खरी गोष्ट. रेकॉर्डवर संगीतकाराचं नाव, गायकाचं नाव. ट्रम्पेट कुणाचा, व्हायोलिन कुणाचं, हे लिहायची पद्धतच नव्हती. गोव्याच्या कितीतरी वादकांचं आयुष्य त्या बिननावाच्या जागेत गेलं. चिक त्यातल्या त्यात नशीबवान, त्यांचं निदान नाव तरी उरलं. १९६६ च्या 'आखरी खत'मधल्या क्लबच्या गाण्यात ते ट्रम्पेट वाजवताना दिसतात. पुढच्याच वर्षी, पन्नाशी गाठल्यावर, ते गेले.

आपल्याकडं वरातीत बँड वाजतो तेव्हा आपण नाचतो. वाजवणाऱ्याचं नाव विचारत नाही. आज रात्री हेडफोन लावून 'अलबेला'ची गाणी ऐका. एकदा गायकाचा आवाज बाजूला ठेवा आणि फक्त मागचा ट्रम्पेट ऐका. आणि पुढच्या वरातीत, नाचून दमलात की, त्या ट्रम्पेटवाल्या दादांना नाव विचारा. एवढं तरी आपण नक्की करू शकतो.