लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे

मायकेल फॅरेडे यांचा जन्म १७९१ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील लोहार होते. गरिबीमुळे शाळा लवकर सुटली. पुढे ते पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकू लागले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचून काढत.

१८१२ साली त्यांनी शास्त्रज्ञ डेव्ही यांची व्याख्याने ऐकली. टिपणे काढून, स्वतः बांधून ती डेव्हींना पाठवली. पुढच्याच वर्षी त्यांना प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी मिळाली.

विजेने पाण्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन सुटतात, हे १८०० सालीच कळले होते. विंझरच्या एखाद्या वर्गातही बॅटरीने ते बुडबुडे दाखवता येतील. पण किती विजेने किती वायू? फॅरेडेंनी मोजले. वीज दुप्पट, तर वायूही दुप्पट! गणित त्यांना फारसे येत नसे, तरी हा नियम त्यांनीच शोधला. १८६७ साली त्यांचे निधन झाले.