लोअर परळच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे, त्या ना. म. जोशींनी शंभर वर्षांपूर्वी विचारलेलं : मंदीचं बिल कामगारानेच का भरायचं?

लोअर परळ स्टेशनला उतरून ऑफिस गाठणाऱ्या हजारो लोकांच्या नजरेसमोर एक नाव रोज येतं. ना. म. जोशी मार्ग. जुनी माणसं अजूनही त्याला डिलाईल रोडच म्हणतात. आज या भागात काचेच्या उंच इमारती आहेत, त्यात कंपन्यांची ऑफिसं आहेत. मंदीची बातमी आली की तिथल्या कॅन्टीनमध्ये एकच कुजबुज सुरू होते, यावेळी कुणाचा नंबर लागणार?

शंभर वर्षांपूर्वी याच भागात अशीच कुजबुज चालायची. फरक एवढाच की तेव्हा इथं कापड गिरण्या होत्या आणि नोकरी गेल्याचा मेल यायचा नाही. सकाळी गेटवर गेलं की कळायचं, आज काम नाही.

ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे त्या नारायण मल्हार जोशींचं आयुष्य याच प्रश्नाभोवती गेलं.

शाळामास्तर गिरणगावात कसे आले?

जोशींचा जन्म 5 जून 1879 चा, गाव गोरेगाव. मुंबईतलं नाही, तर तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातलं गोरेगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि काही वर्षं शाळेत शिकवलं. 1909 साली ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले.

1911 मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. कामगार वस्त्यांमध्ये रात्रशाळा, वाचनालयं, सहकारी पतपेढ्या असं हे काम होतं. आंदोलन, मोर्चा यातलं काहीच नव्हतं.

पण चाळीत काम करताना गिरणी कामगाराचा जमाखर्च त्यांना जवळून दिसला. महिन्याचा पगार महिना संपल्यावर बऱ्याच दिवसांनी हातात पडायचा. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. शिवाय गिरणीत घ्यायचं कुणाला आणि काढायचं कुणाला, हे बऱ्याच अंशी जॉबरच्या हातात. खाडे झालेल्या माणसाच्या जागी दिवसापुरतं काम मिळावं म्हणून शेकडो बदली कामगार गेटवर उभे असायचे. अशा माणसाची नोकरी गेली तर ती कुठल्या कागदावरसुद्धा येत नव्हती. तो कोकणात किंवा घाटावर गावी निघून जायचा आणि विषय संपायचा.

बेकारी मोजायला सांगणारा करार

1919 साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठवलं. कामगारांचा प्रतिनिधी सरकार कसा काय निवडतं, अशी टीकाही झाली. यातूनच देशभरातल्या कामगारांची एक संघटना हवी, या मागणीला जोर आला. 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत आयटक स्थापन झाली. अध्यक्ष होते लाला लजपतराय आणि उभारणी करणाऱ्यांमध्ये जोशी होते.

वॉशिंग्टनच्या त्याच परिषदेत बेकारीवर एक करार मंजूर झाला होता. सरकारने बेकारीची माहिती ठेवावी आणि काम मिळवून देणारी मोफत सरकारी कार्यालयं उघडावीत, असं त्यात होतं. भारत सरकारने 1921 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 1938 मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्सचेंज म्हणतो ती कार्यालयं 1945 मध्ये सुरू झाली, तीही आधी युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी.

1921 पासून जोशी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त सदस्य होते, पुढे जवळपास पंचवीस वर्षं. मद्रासच्या बकिंगहॅम मिलच्या संपात युनियनच्या नेत्यांविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम आला होता. त्यानंतर युनियनला कायद्याचं संरक्षण हवं, असा ठराव जोशींनी मांडला. तो कायदा यायला 1926 साल उजाडलं. बाळंतपणाच्या रजेत पैसे मिळावेत म्हणून त्यांनी 1924 मध्ये आणलेलं विधेयक तर फेटाळलंच गेलं.

साडेअकरा टक्क्यांची कपात

पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला होता. पुढे मंदी आली, जपानी कापडाची स्पर्धा वाढली. 1925 मध्ये मालकांनी जाहीर केलं, पगारात साडेअकरा टक्के कपात.

सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. संप दोन महिन्यांहून जास्त चालला. जोशी आणि त्यांचे सहकारी संपकऱ्यांसाठी मदत गोळा करत होते. शेवटी सरकारने कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर थांबवला आणि मालकांनी पगारकपात मागे घेतली.

म्हणजे जी कपात टाळताच येत नाही असं सांगितलं जात होतं, ती टळली. मंदी खरी होती, पण तिचा भार कुणी उचलायचा हे आभाळातून ठरून येत नव्हतं, ते माणसंच ठरवत होती. जानेवारी 1926 मध्ये बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन उभी राहिली आणि जोशी तिचे अध्यक्ष झाले.

दोन मागांचे तीन माग झाले

यानंतर मालकांनी वेगळा मार्ग धरला. काही गिरण्यांनी, विशेषतः ससून गटाच्या गिरण्यांनी, दोन माग चालवणाऱ्या विणकराला तीन माग द्यायला सुरुवात केली. हिशोब साधा आहे. 600 मागांना आधी 300 विणकर लागत असतील, तर आता 200 पुरणार. उरलेले 100 घरी. आज कंपन्या ज्याला रिस्ट्रक्चरिंग म्हणतात, तेच हे.

सार्वत्रिक संपाला जोशी सुरुवातीला तयार नव्हते. कामगारांच्या घरात किती दिवसांचं धान्य आहे हे त्यांना माहीत होतं. पण 26 एप्रिल 1928 ला संप सुरू झाल्यावर श्रीपाद अमृत डांग्यांसारख्या कम्युनिस्ट नेत्यांच्या बरोबरीने ते संप समितीत बसले. संप ऑक्टोबरपर्यंत चालला. शेवटी मागण्यांच्या चौकशीसाठी फॉसेट समिती नेमली गेली.

या लढ्याला एक दुसरी बाजूही होती. जास्त पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना घेतच नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच काळात हा प्रश्न लावून धरला. मंदीचा भार सगळ्या कामगारांवर सारखा पडत नव्हता, हेही यातून समोर आलं.

संपानंतर कामगार मोठ्या संख्येने लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनकडे गेले. जोशींची युनियन मागे पडली. ते मवाळ आहेत, सरकारच्या समित्यांवर बसतात, असे आरोप झाले.

महामंदी आणि व्हिटली कमिशन

1929 मध्ये जागतिक महामंदी सुरू झाली. त्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली. वादाचा एक मुद्दा होता ब्रिटिश सरकारच्या व्हिटली कमिशनवरचा बहिष्कार. जोशी त्या कमिशनचे सदस्य होते. ते आयटकमधून बाहेर पडले.

मंदीचा फटका रेल्वेलाही बसला आणि हजारो कामगार कमी झाले. मुंबईत गिरण्या बंद पडू लागल्या, पगार कापले गेले आणि 1934 मध्ये पुन्हा मोठा संप झाला.

व्हिटली कमिशनचा अहवाल 1931 मध्ये आला. भारतात बेकारी विमा सध्या शक्य नाही, असं त्यात म्हटलं होतं. पण पगार वेळेवर द्यायचा आणि मनाला येईल तसा कापायचा नाही, हा 1936 चा कायदा त्याच कमिशनच्या शिफारशींतून आला. पगार उशिरा झाल्यामुळे सावकाराच्या दारात जाणारा कामगार जोशींनी पंचवीस वर्षांपूर्वी चाळीत पाहिला होता.

1940 मध्ये फुटलेल्या संघटना पुन्हा एकत्र आल्या आणि जोशी आयटकचे सरचिटणीस झाले. 1948 पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली.

कागदावर काय आलं?

1953 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला काढायचं असेल तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई. साधारणपणे शेवटी लागलेला माणूस आधी कमी करायचा आणि पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारायचं. काम तात्पुरतं थांबलं म्हणून घरी बसवलेल्या कामगाराला अर्धा पगार देण्याची तरतूदही आली. हे नियम सगळ्यांना लागू नव्हते. मॅनेजर आणि छोट्या ठिकाणचे बरेच कामगार बाहेरच राहिले.

ही दुरुस्ती एकट्या जोशींनी आणलेली नाही. त्यामागे अनेक युनियन, अनेक संप आणि कित्येक हरलेल्या लढाया होत्या. पण नोकरी जाणं म्हणजे फक्त त्या माणसाचं नशीब, ही समजूत कायद्यातून हटायला सुरुवात झाली ती त्यांच्या हयातीत. दुरुस्तीनंतर दोन वर्षांनी, 30 मे 1955 रोजी ना. म. जोशी गेले.

म्हणूनच आज कुणाच्या हातात कंपनीचं पत्र पडलं, तर सही करण्याआधी नोटीस किती दिवसांची, भरपाई कशाच्या हिशोबाने आणि यादीत नाव कुठल्या नियमाने आलं, हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत. गेटवर उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराला ते विचारायची सोय नव्हती.