सूरश्री केसरबाई आणि तबकडीचे सोनेरी वेष्टन

गोव्यात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. एक सत्तरीत, एक पेडण्यात समुद्राकाठी. केसरबाईंची केरी फोंडा तालुक्यातली. तिथे १३ जुलै १८९२ रोजी एका कलावंत घराण्यात त्यांचा जन्म झाला. या घरांतल्या मुलींच्या कानावर गाणे लहानपणापासून पडे. त्याबरोबरच समाजाची एक ठरावीक नजरही त्यांच्या वाट्याला येई. केसरबाईंच्या आयुष्यातला बराचसा करारीपणा, आणि लोक ज्याला गर्व म्हणत तोही, या नजरेला दिलेले उत्तर होते असे मला वाटते.

वयाच्या आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला गेल्या आणि तिथे अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने शिकल्या. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे लामगावला येत तेव्हा त्यांची तालीम मिळाली. सोळाव्या वर्षी आईबरोबर मुंबईला आल्यावर सतारिये बरकतुल्ला खाँ आणि पुढे भास्करबुवा बखले असे गुरू लाभले, पण एकही शिक्षण सलग झाले नाही. कुणी दुसऱ्या दरबारी जाई, कुणी गाव सोडी. अखेर १९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांचा गंडा त्यांनी बांधला. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. एरवी या वयात गायिकेचे नाव होऊन गेलेले असते. केसरबाईंनी मात्र पुन्हा षड्जापासून सुरुवात केली. पुढची अकरा वर्षे कडक मेहनतीची गेली, आणि १९४६ मध्ये खाँसाहेब वारले तोवर शिकणे चालूच राहिले.

त्या गात्या झाल्या तो काळ ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा. त्या तबकडीला आज आपण कव्हर म्हणतो तसे काही नव्हते. साध्या जाड कागदाचे पाकीट असे, त्याला मध्यभागी गोल भोक, आणि भोकातून दिसे ते लेबल. वर कंपनीची खूण (हिज मास्टर्स व्हॉइसचे कुत्रे सगळ्यांच्या ओळखीचे), खाली चिजेचे पहिले शब्द, रागाचे नाव आणि गाणाऱ्याचे नाव. तीन-साडेतीन इंच व्यासाच्या त्या कागदी चकतीवर कलाकाराची सगळी ओळख मावायला हवी. गायिकेच्या नावापुढे ‘जान’ आहे की ‘बाई’, की ‘मिस’, यावरून घेणारा तिचे घराणे, तिचा समाज, तिचे गाणे कुठल्या बैठकीतले, याचा अंदाज बांधून मोकळा होई. काही कुलीन घरांतल्या गायक-गायिकांच्या नावापुढे तर ‘हौशी’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द छापत, म्हणजे गाणे हा यांचा धंदा नव्हे हे गिऱ्हाइकाला कळावे. सुई टेकण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असे.

केसरबाईंच्या तबकड्या एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांनी काढल्या. नटकामोद, ककुभ बिलावल, गौड मल्हार, मालकंस अशी रागनामे त्यांवर दिसतात. नुसती ही नावे वाचूनही जाणकाराला कळे की हे हलकेफुलके प्रकरण नाही. त्यांची गायकी दमसासाची. लांब पल्ल्याची, पेचदार, सलग आकारातली तान ही तिची ओळख. ती तीन-साडेतीन मिनिटांत बसवणे म्हणजे मांडवी नदी कळशीत भरण्यासारखे. ध्वनिमुद्रणाची त्यांना फारशी ओढ नव्हती. रेडिओपासूनही त्या दूरच राहिल्या. ज्याला ऐकायचे आहे त्याने समोर येऊन बसावे, असा त्यांचा खाक्या. त्यांना ऐकलेले लोक गाण्याइतकेच त्यांच्या बैठकीच्या रुबाबाविषयी बोलत. आपण कशा दिसावे, कुणासमोर गावे, कुणाला शिकवावे, हे सारे त्यांनी स्वतःच्या हाती ठेवले. शिष्या म्हणून घडवली ती एकट्या धोंडूताई कुलकर्णींना.

१९४८ मध्ये कलकत्त्याच्या एका संगीतप्रेमी संस्थेने त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी दिली आणि ती नावाला कायमची चिकटली. पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९५३), पद्मभूषण आणि महाराष्ट्र शासनाचा ‘राज्य गायिका’ हा किताब (दोन्ही १९६९) मिळाले. पण लोकांच्या तोंडी राहिली सूरश्रीच. तिच्यात ना मिस, ना जान. नुसता सूर.

लाँग प्ले तबकडी आली तेव्हा वेष्टनाला प्रथमच बारा इंचांचा चौरस मिळाला आणि चेहरा मोठा झाला. हिंदुस्थानी गायकाचे मुखपृष्ठ कसे असावे याचा एक साचाच पडला: मिटलेले डोळे, उंचावलेला हात, मागे तंबोऱ्याचा दांडा. दुकानात दुरूनही कळे, हे शास्त्रीय. केसरबाई मात्र १९६३-६४ च्या सुमारास जाहीर मैफलींतून निवृत्त झाल्या. त्यांचे लाँग प्लेवर आले ते प्रामुख्याने जुनेच गाणे.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून एक तबकडी पाठवायचे ठरवले. कार्ल सेगन यांच्या समितीला संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, सुचवली. तबकडी बाजारातून नाहीशी झालेली. अ‍ॅन ड्रायन यांनी न्यूयॉर्क पालथे घातले तेव्हा लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात, तिच्या तीन न उघडलेल्या प्रती मिळाल्या.

व्हॉयेजरची तबकडी तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली. तिचे वेष्टन अ‍ॅल्युमिनियमचे, तेही सोनेरी, आणि त्यावर रेषांनी कोरलेल्या आकृत्या. सुई कुठे ठेवायची. एक फेरी ३.६ सेकंदांत व्हावी हे हायड्रोजनच्या अणूच्या मापाने कसे मोजायचे. चौदा स्पंदक ताऱ्यांवरून आपला सूर्य कुठे ते कसे शोधायचे. तबकडी किती जुनी हे कळावे म्हणून वेष्टनावर युरेनियमचा लहानसा ठिपका. वाचणारा कोण असेल याचा पत्ता नसताना केलेले हे वेष्टन. त्यावर कुणा गायकाचे नाव नाही की चेहरा नाही, बाख आणि बीथोव्हन यांचाही नाही. मात्र आतल्या चित्रांत एक व्हायोलिन आणि वादकांची चौकडी आहे, तंबोरा नाही. हे मला खटकते. तंबोरा न पाहता आपल्या गाण्यामागचा तो अखंड नाद कुठून येतो हे कुणाला कसे उमगावे?

त्या तबकडीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. संगीताच्या २७ तुकड्यांत केसरबाई शेवटून तिसऱ्या, साडेतीन मिनिटे. भैरवी मैफलीच्या अखेरीला यावी हा आपला रिवाज समितीला माहीत होता का, कोण जाणे. जागा मात्र बरोबर पडली. नासाच्या यादीत त्यांचे नाव ‘सूरश्री’सकट आहे.

व्हॉयेजर-२ हे २० ऑगस्टला आणि व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला सुटले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या. केरीत आज त्यांच्या नावाची शाळा आहे आणि कला अकादमी त्यांच्या नावाने संगीत समारोह भरवते.

ती सोनेरी तबकडी पृथ्वीवरच्या रसिकांना लाँग प्लेच्या रूपात घरी आणता आली ती थेट चाळीस वर्षांनी. २०१७ मध्ये तिची पेटी निघाली: पारदर्शक सोनेरी रंगाच्या तीन तबकड्या, झाकणावर त्याच आकृत्या सोनेरी वर्खात, आणि सोबत एक पुस्तक. पुढच्या जानेवारीत त्या पेटीला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तो वेष्टनाच्या गटातला होता.