एकपेशीय विश्व प्रथम पाहणारा कापडव्यापारी

वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी विद्यार्थी ‘प्रोटिस्टा’चे वर्गीकरण मुखोद्गत करतात. हे एकपेशीय विश्व प्रथम पाहणारे अँटनी व्हान लेव्हेनहूक मात्र विद्यापीठाची पायरीही चढले नव्हते. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १६३२ मध्ये जन्मलेले लेव्हेनहूक कापडाचे व्यापारी होते. १६७४ मध्ये स्वतः घासलेल्या भिंगातून त्यांना तळ्याच्या पाण्यात सूक्ष्मजीव दिसले. १६७६ मध्ये त्यांनी पाठविलेल्या सविस्तर पत्रावर लंडनच्या रॉयल सोसायटीत शंका घेतली गेली. तेव्हा त्यांनी धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठितांच्या साक्षी सादर केल्या. १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी ते निरीक्षण पडताळून खरे ठरविले. १६८० मध्ये लेव्हेनहूक सोसायटीचे सदस्य झाले. १७२३ मध्ये त्यांचे निधन झाले. उत्तमोत्तम भिंगे घडविण्याचे रहस्य त्यांनी अखेरपर्यंत उघड केले नाही.