विश्लेषण : ‘पार्किन्सन’ आजाराला नाव मिळाले ते डॉक्टर कोण? आता या आजाराचा माग डोळ्यांत का घेतला जातोय?

हात थरथरू लागतो, चाल मंदावते, तोवर मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशींची बरीच हानी झालेली असते. त्यामुळे कंपवात, म्हणजेच पार्किन्सन, त्याआधीच ओळखण्यासाठी डोळ्यांच्या तपासणीवर संशोधन सुरू आहे. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या जेम्स पार्किन्सन यांच्या निरीक्षणांत जी बाजू सुटली, तिथेच हे संशोधन पोहोचले आहे.

जेम्स पार्किन्सन कोण होते?

त्यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनमधील हॉक्स्टन येथे झाला. वडिलांप्रमाणे तेही याच भागात डॉक्टर झाले. सामान्यांना राजकीय हक्क मिळावेत, यासाठी ते ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने पत्रके लिहीत. राजे तिसरे जॉर्ज यांच्या हत्येच्या कथित कटाप्रकरणी १७९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे त्यांची चौकशी झाली. जीवाश्मांवर त्यांनी तीन खंड लिहिले. १८०७ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे ते संस्थापक सदस्य होते.

आजार कसा ओळखला?

१८१७ मध्ये, वयाच्या ६२व्या वर्षी, त्यांनी कंपवातावर छोटा प्रबंध प्रसिद्ध केला. आधार होता फक्त सहा रुग्णांचा. त्यातील दोघे त्यांना रस्त्यात दिसले होते, तर एकाला त्यांनी केवळ लांबून पाहिले होते. थरथर, पुढे झुकलेले शरीर, धावत सुटल्यासारखी चाल अशी वेगवेगळी वाटणारी लक्षणे एकाच आजाराची आहेत, हे त्यांनी ओळखले. मूळ बिघाड मानेजवळच्या मज्जारज्जूत असावा, हा त्यांचा अंदाज मात्र चुकला. २१ डिसेंबर १८२४ रोजी त्यांचे निधन झाले. आजाराला त्यांचे नाव मिळाले ते १८७०च्या दशकात, फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांच्यामुळे.

कोणती गोष्ट निसटली?

या आजारात ज्ञानेंद्रिये शाबूत राहतात, असे पार्किन्सन यांनी नोंदवले होते. प्रत्यक्षात अनेक रुग्णांची वास घेण्याची क्षमता आधीच कमी होते. रंगांतील आणि उजेड-अंधारातील बारीक फरक ओळखणे अवघड जाते, पापण्यांची उघडझापही कमी होते. डोळ्याच्या पडद्यातील, म्हणजे रेटिनातील, काही पेशीही डोपामिन वापरतात. म्हणून आजाराच्या खुणा तिथे दिसू शकतात.

नवे संशोधन काय सांगते?

हॉक्स्टनपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर आज मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालय आहे. तेथील आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी दीड लाखांहून अधिक रुग्णांची माहिती आणि डोळ्यांचे ‘ओसीटी’ स्कॅन वापरले. ही तपासणी प्रकाशाच्या साह्याने रेटिनाचे थर मोजते. त्यात सुई नाही, वेदना नाही. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये रेटिनाचे काही आतले थर पातळ आढळले. ‘यूके बायोबँक’मधील माहितीनुसार असे बदल निदानाच्या सरासरी सात वर्षे आधीही दिसले.

मग डोळे तपासून निदान होईल का?

अजून नाही. वाढते वय, काचबिंदू आणि मधुमेह यांमुळेही रेटिनाचे थर पातळ होतात. मोठ्या समूहात दिसलेला फरक एका व्यक्तीचे निदान करण्यास पुरेसा नसतो. त्यामुळे आजही मेंदूविकारतज्ज्ञांची तपासणीच निर्णायक आहे. सध्याची औषधे लक्षणे कमी करतात, मात्र पेशींचा ऱ्हास थांबवत नाहीत. तो थांबवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांसाठी आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील माणसे शोधावी लागतात. डोळ्यांतील खुणांचा खरा उपयोग तिथे होऊ शकतो.